गळका नळ

(नळ गळू लागला की वायसर बदलायचा, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पण एका घरात हे साधे काम चार दिवस कसे चालले आणि त्यातून भिंतीच्या आत दडलेले काय बाहेर आले, ते या पाठात लेखकाने सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरातला एखादा नळ कधी गळतो का? दिवसा ते कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री सगळे निजले की मग ऐकू येते, टप्... टप्... टप्. आपण मनात म्हणतो, उद्या बघू. उद्या पुन्हा कुणी बघत नाही.

आमच्या घरातला नळ असाच दोन महिने गळत होता. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. 'जुळे' म्हणजे एका वेळी जन्मलेले, तुम्ही घरी ज्याला 'जुडवाँ' म्हणता ते. जुने सोलापूर शहर दक्षिणेकडे वाढत वाढत विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या माळावर आले आणि तिथे ही नवी वस्ती झाली. शहराला मिळालेले हे जुळे भावंड वयाने मात्र शेकडो वर्षांनी लहान आहे! आमचे घर या वस्तीतल्या पहिल्यावहिल्या घरांपैकी एक. तेव्हा घराघरांत लोखंडी पाइप बसवत असत. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. शहराला मुख्यतः भीमा नदीचे पाणी मिळते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणातून ते जलवाहिनीने येते, टाकळीहूनही येते. शिवाय हिप्परग्याचा जुना एकरूख तलाव आहे. तो इंग्रजांच्या काळात, १८७१ साली बांधून पूर्ण झाला. तरीही नळाला रोज पाणी येईल असा भरवसा नसे. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे, त्या उन्हाळ्यात आमच्या भागात चार दिवसांआड पाणी येत होते. म्हणजे आज आले की पुन्हा पाचव्या दिवशी. पाणी आले की आधी अंगणातला हौद भरायचा, मग मोटार लावून गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरायची. ('हौद' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या पुस्तकातला 'हौज' तो हाच. 'दुरुस्ती' आणि 'अवजार' हेही असेच तुमच्या ओळखीचे. या पाठात तुम्हांला अशी आणखी ओळखीची माणसे भेटतील.)

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन मोरीत बसली. घड्याळात पाहून ती नळाचे थेंब मोजत होती. एका सेकंदाला एक थेंब पडत होता. दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तिने भागाकार केला आणि म्हणाली, "अब्बा, दिवसाला चार लिटरांपेक्षा जास्त पाणी वाया जाते. दोन महिन्यांत अडीचशे लिटर गेले!"

आता मात्र मला उठावेच लागले. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच रुपयांचा रबरी वायसर आणला. शेजाऱ्यांकडून मोठा पाना मागून आणला. पत्नी म्हणाली, "नळवाल्या मामांना बोलवा ना." मी म्हणालो, "एवढ्याशा कामाला मामा कशाला? दहा मिनिटांचे काम आहे."

खरे तर मी चूक बोललो नव्हतो. नळाची रचना अगदी सोपी आहे. नळाच्या पोटात पाणी जायला एक गोल भोक असते. त्यावर रबराची चकती दाबून बसते. तीच वायसर. आपण नळ बंद करतो म्हणजे आट्यांचा दांडा फिरवून ही चकती त्या भोकावर दाबतो. रबर झिजले की फट राहते आणि पाणी ठिबकते. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या एका कारखान्याने १८४५ साली असे आट्यांचे नळ बाजारात आणले. तेव्हापासून वायसर झिजतो आहे आणि माणसे तो बदलत आहेत. पाणी बंद करायचे, नळाचे डोके पान्याने सोडवायचे, जुनी चकती काढून नवी घालायची. काम संपले.

मी गच्चीवर गेलो. टाकीखालच्या पाइपावर पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह होता. त्याची चाकासारखी मूठ मी घट्ट होईपर्यंत फिरवली आणि खाली आलो. इथे मी काय करायला हवे होते, सांगा बरे? नळ उघडून पाहायला हवा होता. धार थांबली की नाही ते दोन सेकंदांत कळले असते. मी पाहिले नाही.

पाना लावला. नळाचे डोके हलेना. आमच्याकडे बोअरचे पाणीही वापरात होते आणि इथल्या काळ्या खडकातले पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकले की क्षार मागे राहतात. बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तोच. तो थर वर्षानुवर्षे नळाच्या आट्यांत बसून दगड झाला होता. मी जोर लावला. मग दोन्ही हातांनी जोर लावला. मुलगी म्हणाली, "अब्बा, डोके नाही, सगळा नळच फिरतोय." तिचे वाक्य पुरे होते न होते तोच भिंतीत 'कट्' असा आवाज झाला आणि नळ माझ्या हातात आला. त्याच्यामागे पाण्याची धार आली, ती सरळ माझ्या छातीवर.

व्हॉल्व्ह बंद झालाच नव्हता. मुलगी गच्चीवर धावली आणि वरून ओरडली, "अब्बा, मूठ नुसतीच फिरते!" आतला दांडा कधीचा तुटला होता. वर फिरणाऱ्या मुठीचा आणि आतल्या झडपेचा काही संबंधच उरला नव्हता.

आता हिशेब पाहा. अशा मोकळ्या पाइपातून आमच्या घरी मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी पडते. टाकीत हजार लिटर. म्हणजे चाळीस मिनिटांत टाकी रिकामी. पाणी आदल्या रात्री येऊन गेले होते, पुन्हा यायला चार दिवस होते. हौदात जेमतेम वीतभर पाणी उरले होते. घरात पाच माणसे, त्यांत अंथरुणाला खिळलेली माझी आई. बाहेर एप्रिलचे ऊन, पारा चाळिशीच्या पुढे.

मी अंगठा भोकावर दाबून धरला. तुम्हांला वाटेल, एवढे पाणी अंगठ्याने कसे थांबेल? थांबते. टाकी नळापासून सुमारे सहा मीटर उंच होती. सहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम वजनाएवढा असतो. पाइपाचे भोक दोन चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे अंगठ्यावर सव्वा किलोचे ओझे. अंगठ्याला ते पेलते, पण किती वेळ? पाच मिनिटांत माझा हात थरथरू लागला. शेवटी पत्नीने लाटणे आणले. त्याच्या मुठीला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली आणि पिळून पिळून भोकात बसवली. धार थांबली, कडेने पाणी झिरपत राहिले. त्याखाली आम्ही पातेले लावले. शेजारच्या आजींनी आवाज ऐकून दोन कळश्या आणि एक पिंप पाठवून दिले. "अगं, एक थेंब सांडू देऊ नका," असे त्या कुंपणावरून मुलीला सांगत होत्या. त्या दिवशी आमच्या घरात पोळ्या मात्र झाल्या नाहीत. लाटणे भिंतीत होते.

नळवाले मामा दुपारी सायकलवरून आले. खांद्याला अवजारांची पिशवी. मला वाटले, ते मोरीत जातील. ते गेले नाहीत. ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, बैठकीच्या खोलीत गेले. तिथे रंगाला फोड आले होते. मागच्या दोन पावसाळ्यांत आम्ही तो कोपरा दोनदा रंगवून घेतला होता. दोन्ही वेळा फोड पुन्हा आले. आम्ही दोष पावसाला देत होतो.

मामांनी भिंतीला हात लावला नाही. आधी वर पाहिले. फोडांच्या वर हातभर अंतरावर मोटारीच्या बटणाचा बोर्ड होता.

"सर, हा बोर्ड चालू आहे का?"

"हो, मोटारीचा आहे."

"मग आधी मेन बंद करा. नळाचं नंतर बघू."

मेन बंद करण्याआधी त्यांनी पिशवीतला टेस्टर काढून ओल्या भिंतीला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. भिंतीत वीज उतरली होती.

मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा, मोटारीचे बटण दाबताना हाताला मुंग्या येतात, असे मी तुम्हांला म्हणाले होते."

म्हणाली होती. एकदा नाही, दोनदा. मी तिला सांगितले होते, ओल्या हाताने बटण दाबू नकोस. खरे सांगतो, त्या दिवशी वाया गेलेल्या पाण्याचे मला तितके वाईट वाटले नाही, जितके तिच्या या वाक्याने वाटले. कोरडी भिंत वीज वाहू देत नाही. पण पाणी मुरलेल्या गिलाव्यात क्षार विरघळलेले असतात आणि अशा भिंतीतून वीज वाहू शकते. अनवाणी पाय ओल्या फरशीवर असले आणि हात अशा भिंतीला लागला, तर ती माणसाच्या शरीरातून जमिनीकडे वाट काढते. मुंग्या येणे ही थट्टा नसते. तुमच्या घरात बटणाला, पंख्याला, फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करायला सांगा आणि मोठी माणसे ऐकेपर्यंत सांगत राहा. माझ्यासारखे वडील असतील तर तिसऱ्यांदाही सांगा.

मेन बंद झाल्यावर मामा गच्चीवर गेले. टाकीचे झाकण काढून ते पोटावर आडवे झाले, डोके आणि एक हात आत घातला. कापड गुंडाळलेली लाकडी खुंटी त्यांनी आतून टाकीच्या तळाच्या भोकात ठोकली. झाले, पाणी बंद! टाकीत पाहिले तर पाणी निम्म्यावर आले होते. पाचशे लिटर. चार दिवसांना पुरवायचे तर पुरले असते, आणि पुरवले.

मग फरशीचे दोन तुकडे फुटले आणि भिंतीतला पाइप दिसू लागला. तो पाहायला आम्ही सगळे जमलो. पाइप जिथे वळतो तिथला कोपरा, ज्याला मामा 'एल्बो' म्हणतात, हाताने दाबताच बिस्किटासारखा चुरला. माझा नळ तिथूनच तुटला होता. पण पाणी त्याच्या किती तरी आधीपासून, कदाचित दोन वर्षे, थोडे थोडे भिंतीत मुरत होते. मोरीत टपटप ऐकू येणारी गळती लहान होती. खरी गळती मुकी होती.

एवढा जाड पाइप तिथेच का सडला? लोखंड गंजू नये म्हणून पाइपावर जस्ताचा मुलामा देतात. जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण पाइपाच्या टोकाला आटे पाडताना हत्याराने वरचा थर कापला जातो. त्याबरोबर जस्तही निघून जाते. म्हणजे जिथे पाइप सर्वांत पातळ, तिथेच तो उघडा. त्यात पितळी नळ थेट लोखंडाला जोडलेला. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्यांची एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात जस्त व लोखंड लवकर झिजते. मामांनी कापलेल्या पाइपाचे तोंड मुलीला दाखवले. गंज साचून आतले भोक पेन्सिलीएवढे उरले होते.

"याला अर्धा इंची का म्हणतात?" तिने पट्टी लावून विचारले. तिचे बरोबर होते. नव्या अर्धा इंची पाइपाचे आतले भोक सुमारे १६ मिलिमीटर असते आणि बाहेरची जाडी सुमारे २१. अर्धा इंच म्हणजे १२.७. पाइप ना आतून अर्धा इंच, ना बाहेरून! हे नुसते जुने नाव आहे. पण या नावाला एक मोठा गुण आहे. १८४१ सालापर्यंत जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने सर्वांसाठी एकच माप सुचवले. पाइपांचे आटे पुढे त्याच पद्धतीवर ठरले. अर्धा इंची पाइपावर एका इंचात १४ आटे. म्हणूनच सोलापुरातल्या तीस वर्षे जुन्या पाइपावर काल दुकानात आलेला नळ बसतो.

मामांनी सडलेला भाग कापला. उरलेल्या पाइपाच्या टोकाला तेल सोडत सोडत नवे आटे पाडले. त्यांचे वडीलही हेच काम करत. तेव्हा आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळून सफेदा लावत असत. आता पांढरी टेफलॉनची पट्टी असते. (टेफलॉनचा शोध १९३८ साली रॉय प्लंकेट यांना लागला, तोही योगायोगाने. ते थंड ठेवणाऱ्या वायूवर काम करत होते आणि एका टाकीत वायूऐवजी पांढरी भुकटी सापडली.) पट्टी गुंडाळण्याची एक रीत आहे. आट्यांचे तोंड आपल्याकडे करायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचे. उलटी गुंडाळली तर जोड फिरवताना ती सुटून येते. मुलीने एक जोड स्वतः गुंडाळला.

सोमवारी नवा पाइप, नवा व्हॉल्व्ह आणि नवा नळ बसला. मी म्हणालो, "मामा, आता सिमेंट लावून टाका."

"नाही सर. एक दिवस पाणी सोडून उघडं ठेवा. खाली कोरडा कागद ठेवा. कागद ओला नाही झाला तर झाकू."

मंगळवारी कागद कोरडा होता. बुधवारी भिंत लिंपली. वायरमनने मोटारीचा बोर्ड दुसऱ्या कोरड्या भिंतीवर नेला आणि मेनजवळ एक नवे बटण बसवले. ३० मिलिअँपिअर एवढी वीज जरी भलतीकडे गळाली तरी ते आपोआप पडते आणि घराचा प्रवाह तोडते. पाण्याची गळती कागदाने कळते, विजेची अशी. सगळा खर्च चार हजारांच्या घरात गेला. गुरुवारी पहाटे पाणी आले.

आता राहिला तो जुना पितळी नळ. तो भंगारात जाणार होता, पण मुलीने तो वाटीभर सिरक्यात रात्रभर बुडवून ठेवला. सिरका म्हणजे आंबट पदार्थ, आणि आम्लात हा क्षार विरघळतो. थोड्याच वेळात नळाभोवती बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. तो कार्बन डायॉक्साइड वायू होता. सकाळी तिने लहान पाना लावला. डोके सहज फिरले. आतला वायसर निम्मा झिजलेला निघाला. मग तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. पाच रुपयांचा नवा वायसर रविवारपासून तिथेच होता. तो नळ आता हौदावर बसवला आहे आणि अजून गळत नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने व्हॉल्व्ह बंद केल्यावर काय पाहायला हवे होते?
(आ) बैठकीच्या भिंतीला फोड का येत होते?
(इ) पाइप आट्यांजवळच का सडला?

२. कारण सांगा : मामांनी नळाआधी मेन बंद करायला लावले.

३. 'हौद', 'दुरुस्ती', 'अवजार', 'सफेदा' हे शब्द उर्दूत कसे म्हणतात ते लिहा. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.

४. घरातल्या किंवा शाळेतल्या गळक्या नळाखाली दहा मिनिटे पेला ठेवा. जमलेले पाणी मोजा आणि एका दिवसात किती पाणी गळते ते काढा.